पेटीच्या किल्ल्या, संगणकाच्या किल्ल्या

दुपारची भांडी आवरली असतील तर जरा टेका, आणि शेजारणीलाही हाक मारा. आज आपण बोलणार आहोत आपल्या गटांच्या हिशोबाबद्दल. हिशोब लिहायचा कसा, हे आपण सगळ्याजणी प्रशिक्षणात शिकलो. पण लिहिलेला हिशोब ठेवायचा कुठे, आणि त्याच्या किल्ल्या कुणाकुणाच्या हातात ठेवायच्या, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते आम्ही चुकत-माकत शिकलो. तीच गोष्ट आज सांगतो.

आपल्या गटाची पत्र्याची पेटी सगळ्यांना माहीत आहे. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या कमरेला. काही गटांत तर दोन कुलपं आणि दोन किल्ल्या. बैठकीत सगळ्यांसमोर पेटी उघडायची, सगळ्यांसमोर पैसे मोजायचे, सगळ्यांसमोर बंद करायची. यात कुणावर अविश्वास नाही. उलट उद्या दहा रुपये कमी भरले तर कुणा एकीवर आळ येऊ नये, म्हणून ही रीत. १९९२ साली नाबार्डने गट आणि बँक जोडायचा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून बँक आपल्याला कर्ज देते ती तारण बघून नाही, तर आपल्या वह्या आणि आपली परतफेड बघून. म्हणजे आपल्या वह्या हीच आपली जमीन आणि हेच आपलं सोनं.

पण हिशोब संगणकावर गेला आणि ही साधी रीत आम्ही विसरलो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ग्रामसंघात चौदा गट. गटांच्या वह्या हातानेच लिहिलेल्या, पण सगळ्या गटांची कर्ज खतावणी तालुक्याच्या गावातला एक मुलगा महिन्याला पैसे घेऊन त्याच्या लॅपटॉपवर भरून द्यायचा. काम चांगलं करायचा, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण लॅपटॉप त्याचा, पासवर्ड त्याचा, आणि खतावणीची प्रत तेवढी एकच. एक दिवस लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. अकरा महिन्यांचा हिशोब गेला.

मग आम्ही सभासदांची पासबुकं गोळा करून खतावणी पुन्हा लिहायला बसलो. बहुतेकींचं जमलं. पण एका ताईचं घर पावसात गळलं होतं आणि तिच्या पासबुकाचा लगदा झाला होता. जुन्या यादीप्रमाणे तिचे सहा हप्ते थकीत दिसत होते. बैठकीत आम्ही तिला विचारलं. विचारलं कसलं, आळच घेतला म्हणा. ती एवढंच म्हणाली, "मी भरलेत." आणि उठून गेली. तीन महिने ती बैठकीला आली नाही. रस्त्यात भेटली तरी खाली मान घालून जायची. गावात कुजबुज झाली ती वेगळीच.

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या जुन्या सचिव वहिनींच्या सासूबाईंना कणगीमागे एक कच्ची वही सापडली. प्रत्येक बैठकीला आलेले पैसे वहिनी आधी त्या वहीत टिपायच्या. त्यात त्या ताईचे सहाही हप्ते तारखेनिशी होते. आम्ही पाचजणी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. तिने चहा केला. ती पुन्हा बैठकीला यायला लागली. पण आजही पैसे भरले की पावती हातात पडेपर्यंत ती जागची उठत नाही. आणि तिचं बरोबर आहे.

त्या दिवशी आम्ही ठरवलं, की हिशोबाचं यंत्र आपल्या कार्यालयात राहील आणि त्याच्या किल्ल्या आपल्यात वाटल्या जातील.

आमच्या एका सभासद मावशींची मुलगी बीसीए झालेली आहे. तिने आम्हाला सांगितलं, "मावशी, आत्या, आपण आपला स्वतःचा सर्व्हर करू. घरात मावेल एवढा." सर्व्हर म्हटल्यावर आम्हाला वाटलं, थंड खोलीत ठेवलेलं काहीतरी लाखांचं यंत्र असणार. तिने समजावून सांगितलं ते असं. सर्व्हर म्हणजे सगळ्यांचं सामान ठेवलेलं एकच कपाट, आणि त्या कपाटापाशी बसलेली एक बाई. तुम्ही फोनवरून मागणी करता, ती बाई तुमची ओळख पटवते, तुमच्या हक्काचं तेवढं काढून देते. हे कपाट एखाद्या कंपनीच्या इमारतीत असतं तसं आपल्या घरातही असू शकतं. कार्यालयातल्या कार्यालयात वापरायला इंटरनेटही लागत नाही. एक वायफायचा राउटर पुरतो.

यंत्र म्हणून आम्ही वापरला एक जुना लॅपटॉप. पडदा फुटलेला, म्हणून कुणीतरी देऊन टाकलेला. जुन्या लॅपटॉपचा एक फायदा नीट ऐका. त्याची बॅटरी अजून अर्धा-पाऊण तास टिकत असेल, तर वीज गेली तरी सर्व्हर लगेच बंद पडत नाही. मात्र एक गोष्ट आधी करावी लागते. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो. झाकण मिटलं तरी जागा राहा, असं त्याला सांगून ठेवावं लागतं. आमचे पहिले दोन दिवस यातच गेले. झाडलोट करणाऱ्या काकू धूळ जाऊ नये म्हणून मायेने झाकण लावायच्या, आणि आम्ही म्हणायचो, सर्व्हर सारखा बंद का पडतोय!

त्यावर बसवली ती फ्रीडमबॉक्स नावाची प्रणाली. तिचीही एक गोष्ट आहे. २०१० साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात एबेन मोग्लेन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी एक भाषण केलं. त्यांचं म्हणणं असं, की लोकांची पत्रं, फोटो, ओळखीपाळखी हे सगळं थोड्या बड्या कंपन्यांच्या यंत्रांवर जाऊन बसलंय. त्यापेक्षा प्रत्येकाच्या घरात एक लहान, स्वस्त सर्व्हर असावा. त्यातून हे काम सुरू झालं. फ्रीडमबॉक्स म्हणजे शब्दशः स्वातंत्र्याची पेटी. पेटी म्हटल्यावर आम्हाला ती लगेच आपली वाटली! ही पेटी डेबियन या प्रणालीवर उभी आहे. डेबियन १९९३ सालापासून आहे आणि जगभरातले लोक मिळून ती सांभाळतात. ती सुरू करणाऱ्या इयान मर्डॉक यांनी मैत्रिणीचं डेब्रा हे नाव पुढे आणि आपलं इयान मागे जोडून हे नाव केलं. या दोन्ही गोष्टी विकत घ्याव्या लागत नाहीत. त्या आतून कशा चालतात हे कुणालाही बघता येतं, आणि आपल्या गरजेप्रमाणे त्यात बदलही करता येतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सर्व्हर चालू झाला. सगळ्यांना आनंद झाला. पण महिन्याभरात आमच्या लक्षात आलं की आमची गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात चालली आहे. काहीही करायचं म्हटलं की पोरीला बोलवा. नवीन सचिव निवडली, तिचं खातं उघडायचंय, पोरीला बोलवा. डिस्कमध्ये जागा किती उरली, पोरीला विचारा. काही कामं फ्रीडमबॉक्सच्या पानांवरून होत होती, पण ती पानं संगणक शिकलेल्या माणसासाठी लिहिलेली. उरलेली कामं काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं टाइप करून. पूर्वी सगळ्या किल्ल्या त्या मुलाच्या हातात होत्या, आता या मुलीच्या. ती आपली आहे म्हणून काय झालं? उद्या तिला ताप आला, नोकरी लागली, लग्न ठरलं, तर?

हे तिनेच आम्हाला सांगितलं, हे तिचं मोठेपण. ती म्हणाली, "मी अशी पानं बनवते की माझ्यावाचून तुमचं काम अडणार नाही. पण ती तुम्ही माझ्याकडून करून घ्या." या पानांना ती मॉड्यूल म्हणते. आम्हाला ते समजलं मिसळणाच्या डब्यावरून. डबा एक, वाट्या सात. हळदीची वाटी काढून धुतली, भरली, पुन्हा ठेवली, तरी मोहरीला धक्का लागत नाही. मॉड्यूल म्हणजे तशी एक-एक वाटी. एका वाटीत एकच काम.

मग आठ शनिवार आम्ही बसलो. त्यात सातवी शिकलेल्या होत्या, पदवी झालेल्या होत्या, आणि सहीपुरतं येणाऱ्या दोघी आत्याही होत्या. संगणक बाजूला ठेवून आधी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक काम, जे आम्हाला यंत्राकडून हवंय. पन्नासेक चिठ्ठ्या झाल्या. मग विचारलं, रोज लागतं ते कुठलं, महिन्याला लागतं ते कुठलं, आणि चुकलं तर हिशोब बुडेल असं कुठलं. चाळत चाळत चार ढिगाऱ्या उरल्या. त्याची चार मॉड्यूल झाली.

पहिलं, यंत्राची तब्येत. हे पान उघडलं की चारच ओळी दिसतात. जागा किती उरली, शेवटचा बॅकअप कधी झाला, वीज चालू आहे की बॅटरीवर आहे, आणि यंत्र फार तापलंय का. आधी पोरीने नुसते हिरवे-लाल ठिपके दिले होते. एक काकू म्हणाल्या, "लाल दिसलं की मी घाबरणार, पण करायचं काय ते कोण सांगणार?" मग ठिपक्यापुढे वाक्य आलं: "जागा कमी उरली आहे. जुन्या फाइली दुसऱ्या डिस्कवर हलवा. वहीचं पान ९ बघा."

दुसरं, बॅकअप. म्हणजे सगळ्या हिशोबाची दुसरी प्रत. फ्रीडमबॉक्समध्ये बॅकअपची सोय मुळातच आहे. आमच्या पानाने तीच सोय तीन बटणांत आणली. डिस्क जोडा, प्रत घ्या, प्रत तपासा. बाहेरच्या दोन डिस्क आम्ही घेतल्या, एकेक साडेचार हजारांच्या आसपास पडली. एक कार्यालयात असते, दुसरी दुसऱ्या वस्तीवरच्या सभासदाच्या घरी. दर मासिक बैठकीला दोन्हींची अदलाबदल होते. कार्यालयाला आग लागली किंवा चोरी झाली तरी एक प्रत बाहेर सुरक्षित.

या बॅकअपला कुलूप आहे. म्हणजे डिस्क कुणाच्या हाती लागली तरी सांकेतिक वाक्यावाचून ती वाचता येत नाही. पण ते वाक्य आपणच विसरलो तर आपल्यालाही वाचता येणार नाही. म्हणून त्या वाक्याचे दोन भाग केले, आणि प्रत्येक भाग दोन-दोन पाकिटांत बंद करून चार घरी ठेवला. एक पाकीट हरवलं तरी अडत नाही, आणि एकटीला काही उघडता येत नाही.

तिसरं, सभासद आणि परवानगी. कोण सर्व्हर वापरू शकते आणि कुणाला काय दिसावं, हे इथे ठरतं. गटाच्या सचिवाला तिच्या गटाचा हिशोब दिसतो, दुसऱ्या गटाचा नाही. पद बदललं की त्याच बैठकीत जुन्या सचिवाची परवानगी काढून नव्या सचिवाला द्यायची. यात राग मानायचा नाही. पेटीची किल्ली आपण देतोच ना हातोहात? तशीच ही. आणि प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा. सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड असला, की कुणी काय केलं हे कळत नाही, आणि मग पुन्हा आळ येतो.

हे पान का लागतं, ते एका प्रसंगाने पटलं. एका सभासदाचे दीर कार्यालयात आले. म्हणाले, "वहिनीच्या नावावर कर्ज किती आहे ते जरा बघून सांगा, घरातलाच माणूस आहे." कार्यालयात बसलेल्या ताईंनी शांतपणे सांगितलं, "भाऊ, माझ्या पासवर्डने ते पान उघडत नाही. वहिनींनाच घेऊन या, त्या स्वतः बघतील." पूर्वी वही टेबलावर उघडी असायची, तेव्हा असं म्हणता आलं नसतं. बाईचं कर्ज हा तिचा खाजगी व्यवहार आहे. संसदेनेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायदा केला. पण आपण कायद्याची वाट कशाला बघायची?

चौथं, बंद-चालू आणि पुसणं. यंत्र नीट बंद कसं करायचं, नीट चालू कसं करायचं. आणि काही पुसायचं असेल तर दोघींचे पासवर्ड लागतात. एकीने मागणी करायची, दुसरीने मान्य करायची. शिवाय पुसायच्या फाइलीचं नाव हाताने टाइप करावं लागतं, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी काही जात नाही. कुणी, कधी, काय केलं याची नोंद आपोआप होते, आणि ती नोंद पानावरून खोडता येत नाही. ठरावाच्या वहीसारखी.

आता आतली एक गोष्ट सांगतो, कारण ती समजली तेव्हा आमचा या कामावर खरा विश्वास बसला. आम्ही पोरीला विचारलं, "ही पानं सगळं करू शकतात, मग कुणी पानातच शिरलं तर?" ती म्हणाली, "पानाच्या हातात किल्ली नसते, आत्या." फ्रीडमबॉक्सची रचनाच अशी आहे. आपल्याला दिसणारं पान साध्या अधिकाराने चालतं. डिस्कला हात लावणं, खातं उघडणं असली जोखमीची कामं आत वेगळी ठेवलेली असतात, आणि पान फक्त ठरवून दिलेल्या तेवढ्याच कामांची मागणी आत पाठवू शकतं. मागणी यादीत नसेल तर आतून नकार. म्हणजे आपल्या कोषाध्यक्षासारखंच. ठराव असेल तेवढीच रक्कम काढायची. ठरावात नाही ते सांगायला अध्यक्ष आल्या तरी पेटी उघडायची नाही. नवीन मॉड्यूल लिहिताना पोरीचा सगळ्यात जास्त वेळ ही यादी लहान ठेवण्यात गेला.

शब्दांवरही पुष्कळ वेळ गेला. पहिल्या खेपेला पानावर लिहून आलं होतं, "प्रमाणीकरण अयशस्वी." दोघी म्हणाल्या, आपण नापास झालो वाटतं! ते बदलून झालं, "पासवर्ड चुकला. पुन्हा टाका." "वापरकर्ता व्यवस्थापन" जाऊन "कोण वापरू शकते" आलं. जो शब्द आम्ही बैठकीत बोलत नाही तो पानावर नको, हा नियमच केला. आणि प्रत्येक पान आधी चाचणी गटावर चालवलं. चाचणी गट म्हणजे खोट्या नावांचा, खोट्या आकड्यांचा गट. त्याचा हिशोब आम्ही मनसोक्त बिघडवला, पुसला, परत आणला. खऱ्या हिशोबावर शिकायचं नसतं. नवीन सुनेला पहिल्याच दिवशी पुरणपोळ्या करायला लावतो का आपण?

चूक झालीच नाही असं नाही. बॅकअप सुरू झाल्यावर दोन महिने पान सांगत होतं, "बॅकअप झाला." आम्ही खूश. तिसऱ्या महिन्यात "प्रत तपासा" हे बटण तयार झालं. बैठकीत सगळ्यांसमोर ते दाबलं, प्रत उघडली, तर आत गेल्या वर्षीची खतावणी! चालू वर्षासाठी आम्ही नवीन फोल्डर केला होता, आणि बॅकअप जुन्याच फोल्डरचा होत होता. पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. आम्ही म्हटलं, अगं रडतेस काय, पैसे जायच्या आधी कळलं हे नशीब. त्या दिवसापासून नियम असा, की उघडून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणायचं नाही. दर महिन्याला एक सभासद कुठलंही एक नाव सांगते, आणि त्या नावाचा हिशोब प्रतीतून काढून वहीशी ताडून बघतो. पहिलं नाव कुणाचं घेतलं असेल? त्या ताईचंच. सगळे हप्ते बरोबर निघाले.

मग खरंच पोरीला पुण्यात नोकरी लागली. जायच्या आधी तिने दोन कामं केली. सगळी मॉड्यूल कशी लिहिली ते दुसऱ्या दोन मुलींना शिकवलं. त्यातली एक अजून कॉलेजात आहे. आणि आमच्याकडून एक वही लिहून घेतली. लक्षात घ्या, तिने लिहिली नाही, आमच्याकडून लिहून घेतली. यंत्र बंद पडलं तर काय, जागा संपली तर काय, पासवर्ड विसरला तर काय. आमच्या शब्दांत, आमच्या अक्षरात. पान सांगतं, "वहीचं पान ९ बघा," ती हीच वही.

परीक्षा यंदा झाली. मार्च अखेर. ताळेबंद करायचा, चौदा गटांच्या सचिव कार्यालयात जमलेल्या, आणि तब्येतीच्या पानावर आलं, जागा संपत आली. पोरीला फोन लावला तर लागेना, ती कामावर होती. पूर्वी असतो तर हात जोडून बसलो असतो. तिघींनी वही उघडली. पान ९. सगळ्यात जास्त जागा कशाने घेतली ते बघा. बघितलं, तर आपल्याच रेडिओच्या कार्यक्रमांची दोन वर्षांची ध्वनिमुद्रणं! ती बाहेरच्या डिस्कवर नेली. लगेच पुसली नाहीत. आधी तिथली तीन मुद्रणं ऐकून बघितली, नीट आहेत ना. मग एकीने पुसायची मागणी केली, दुसरीने मान्य केली. तास-दीड तास गेला. संध्याकाळपर्यंत चौदाही गटांचा ताळेबंद पूर्ण झाला. रात्री पोरीचा फोन आला, घाबरलेली, "काय झालं?" आमच्या सातवी शिकलेल्या ताई म्हणाल्या, "काही नाही गं, जेवलीस का?"

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, प्रत्येक गटाला सर्व्हर लागत नाही. बारा-पंधरा जणींच्या एका गटाला चांगली वही, पासबुक आणि पावती पुरते. ग्रामसंघाचा, प्रभागसंघाचा पसारा वाढला, बरेच गट एकत्र आले, तर याचा विचार करावा. आणि वही कधीच बंद करायची नाही. आम्हाला वाचवलं ते शेवटी कणगीमागच्या कच्च्या वहीनेच. दुसरी गोष्ट, आपला सर्व्हर म्हणजे आपली जबाबदारी. तो फुकट सांभाळला जात नाही. आमच्याकडे दर सोमवारी दोघींची पाळी असते. तब्येतीचं पान बघायचं आणि वहीत सही करायची. दहा मिनिटांचं काम, पण चुकवायचं नाही.

पण तुमचा हिशोब सर्व्हरवर असो, फोनवर असो की तालुक्याच्या एखाद्या दुकानातल्या संगणकावर असो, पुढच्या बैठकीत चार प्रश्न नक्की विचारा. आपल्या हिशोबाची दुसरी प्रत कुठे आहे? ती शेवटची उघडून कधी बघितली? त्याचा पासवर्ड किती जणींना माहीत आहे? आणि ज्याच्या हातात हे काम आहे तो किंवा ती उद्या आली नाही, तर आपलं काम चालेल का? चारातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो विषय इतिवृत्तात लिहा आणि कुणी काय करायचं ते तिथेच ठरवा.

आणि तुमच्या गावातली एखादी मुलगी संगणक शिकली असेल, तर तिला नुसतं "आमचं एवढं भरून दे" म्हणू नका. तिच्या शेजारी बसा. आम्हाला काय कळत नाही, ते तिला न लाजता सांगा. आम्ही "समजत नाही" म्हणालो, म्हणून तिने पानं सोपी केली. आम्ही गप्प बसलो असतो, तर ती पानं तिच्यापुरतीच राहिली असती.

त्या ताई आज आमच्या बॅकअपच्या पाळीत आहेत. दुसरी डिस्क त्यांच्याच घरी, ट्रंकेत असते. घर आता गळत नाही, पत्रे नवीन घातलेत. तरीही डिस्क त्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवतात.

बरं मैत्रिणींनो, आजच्यापुरतं एवढंच. चार प्रश्न विसरू नका. नमस्कार!